तेजाळ अक्षरांचा इतिहास : सोनेरी शाईपासून संगणकीय थरापर्यंत
(शिरूर व दौंड तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : देवनागरी अक्षर, मुद्रणकला, पाटीलेखन, फोटोशॉप, फ्लेक्स फलक, स्थानिक इतिहास

प्रस्तावना

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील शिरूर, म्हणजेच जुने घोडनदी, आणि भीमा नदीकाठचे रेल्वे जंक्शन दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याची गावे होत. या दोन्ही तालुक्यांत कोणत्याही चौकात उभे राहिले असता वाढदिवस, निवड, यात्रा, बैलगाडा शर्यत किंवा श्रद्धांजली यांचे फलक नजरेस पडतात. या फलकांवरील नावे साध्या अक्षरांत क्वचितच असतात. अक्षराला सोनेरी झळाळी असते, कडेने उजेडाचे वलय असते आणि वेलांटीच्या टोकावर एखादी चांदणी चमकत असते. हा परिणाम संगणकावरील चित्रसंपादनाच्या आज्ञावलीतून साधला जातो.

सुशिक्षित वर्गात या झगमगाटाकडे बहुधा अभिरुचीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. त्याचे हसू होते किंवा त्याबद्दल नाराजी व्यक्त होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र वेगळा प्रश्न पडावयास हवा. अक्षराला तेज देण्याची इच्छा नवीन आहे काय? नसल्यास, पूर्वी हे तेज कोणाच्या नावाला मिळत होते आणि कोणाच्या नावाला मिळत नव्हते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक पद्धतीने मागोवा घेतला आहे. अक्षराचे तेज ही दीर्घकाळ मोजक्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट होती, संगणकीय थराने ती सर्वांसाठी खुली केली, मात्र त्याची किंमत देवनागरी अक्षराने आणि ते रंगवणाऱ्या हातांनी मोजली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हस्तलिखितांतील तेज

मुद्रणपूर्व काळात अक्षराला तेज देण्याचे मुख्य साधन सोने हेच होते. फार्सी दरबारी परंपरेत सोन्याची भुकटी उधळलेल्या कागदाला ‘जरअफशान’ म्हणत. मोठ्या मानाच्या पत्रांसाठी असा कागद वापरला जाई. आजच्या संगणकावर अक्षराभोवती चमकीचे कण विखुरण्याची जी युक्ती आहे, तिचा हा खरा पूर्वज होय. फरक इतकाच की तेथे प्रत्येक कणाला सोन्याचे मोल होते. म्हणून पत्राची चमक ही पाठवणाऱ्याच्या सत्तेची आणि स्वीकारणाऱ्याच्या दर्जाची खूण ठरे.

सामान्य व्यवहाराचा कागद मात्र साधा असे. पुणे जिल्ह्यातच जुन्नर येथे हातकागद तयार होत असे आणि पेशवाईतील दप्तरात तो वापरला जाई. त्यावरची मोडी अक्षरे बोरूने, शक्यतो हात न उचलता, झरझर लिहिलेली असत. त्यांचे काम नोंद करण्याचे होते, मिरवण्याचे नव्हते. धार्मिक पोथ्यांत काळ्या मजकुरात हिंगुळाच्या लाल अक्षरांनी अध्यायाचा आरंभ किंवा समाप्ती दाखवीत. चुकलेल्या मजकुरावर पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. लाल रंग महत्त्व दाखवण्यासाठी, पिवळा खोडण्यासाठी आणि सोने मानासाठी, अशी रंगांची एक शिस्तच त्या लेखनसंस्कृतीत होती. रयतेचे नाव या शिस्तीत काळ्या शाईतच राहिले.

सामान्य माणसाचे नाव सार्वजनिक जागी ठळकपणे कोरले जाण्याचे एक लवकरचे उदाहरण याच परिसराच्या सीमेवर आढळते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कंपनी सरकारची पलटण शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. तेथे पडलेल्या शिपायांची नावे पुढे नदीपलीकडील पेरणे येथील स्तंभावर कोरण्यात आली. राजे, सरदार व देवस्थाने यांच्यापलीकडे साध्या शिपायाचे नाव दगडावर येणे ही त्या काळी असाधारण बाब होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभास भेट दिली. त्यानंतर या नावांना जे सामाजिक मोल प्राप्त झाले ते सर्वश्रुत आहे. सार्वजनिक जागी दिसणारे नाव म्हणजे प्रतिष्ठेचा दाखला, ही जाणीव फ्लेक्सच्या काळापेक्षा कितीतरी जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

मुद्रणयुग : काळ्या अक्षराची समता

१८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणपत कृष्णाजी यांनी मराठी मुद्रणाचा पाया घातला, तर जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देवनागरी खिळ्याला सुबक व स्थिर रूप दिले. खिळ्यांच्या छपाईत राजाचे नाव आणि रंकाचे नाव एकाच साच्यातून, एकाच काळ्या शाईत उमटते. आकार लहानमोठा करता येतो, भोवती वेलबुट्टीची चौकट घालता येते. अक्षरातून उजेड मात्र काढता येत नाही.

या साध्या काळ्या अक्षराचे सामर्थ्य दौंड तालुक्यातील केडगाव येथे प्रत्ययास आले. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या मुक्ती मिशनमध्ये स्वतःचा छापखाना होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तेथील स्त्रिया व मुली करीत. त्यांतील अनेकजणी दुष्काळातून किंवा निराधार अवस्थेतून तेथे आल्या होत्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर येथेच छापले गेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना अक्षरओळखही नाकारली गेली होती त्यांच्या हातात अक्षरांचे खिळे आले, ही घटना अक्षराच्या कोणत्याही झळाळीपेक्षा मोठी होती. तेजाळ अक्षराच्या इतिहासात केडगावचा उल्लेख अशासाठी आवश्यक आहे की अक्षराची मालकी आणि अक्षराची चमक या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणजे दुसरी मिळतेच असे नाही. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, दुसरी मिळाली म्हणून पहिली टिकतेच असेही नाही.

रंगीत मुद्रणाने चमकीची इच्छा पुन्हा जागी केली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे पुणे जिल्ह्यातील मळवली येथे हलला. तेथील देवादिकांच्या चित्रांवर तैलचित्राचा भास होईल अशी रोगणाची तकाकी असे. अनेक घरांत या चित्रांवर जर, टिकल्या व कापड चिकटवून देवीचे वस्त्र खरोखर चमकवले जाई. यंत्राने दिलेल्या प्रतिमेवर घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने चमक चढवण्याची ही परंपरा लक्षणीय आहे. संगणकावरील चमकीचे मूळ शोधताना केवळ पाश्चात्त्य तंत्राकडे पाहणे म्हणूनच अपुरे ठरते.

पेंटरचा काळ

विसाव्या शतकात तेजाळ अक्षर रस्त्यावर आणले ते चित्रपटाने. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी मूकपटांसाठी भव्य जाहिरातचित्रे रंगवली. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली आणि रंगवलेल्या चित्रफलकांची संस्कृती पुण्याच्या आसपास रुजली. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ अशा नाटकांची नावे त्या त्या आशयाला साजेशा वळणात घडवली. अक्षर केवळ वाचायचे नसते, ते पाहायचेही असते, हे त्यांनी मराठी वाचकाला शिकवले. वर्तमानपत्राच्या काळ्यापांढऱ्या जागेत केवळ वळणाने तेज आणण्याची ही किमया होती.

तालुक्याच्या गावी हे काम पेंटर करी. दुकानाची पाटी, सहकारी सोसायटीचा फलक, ट्रकचा मागचा भाग, यात्रेतील तमाशाची जाहिरात, निवडणुकीची भिंत ही सर्व त्याची क्षेत्रे होती. सुतळीला खडू लावून तो शिरोरेषा आखून घेई, तिला अक्षरे टांगी, खाली उजवीकडे सावली देई आणि अक्षराच्या वरच्या डाव्या अंगाला पांढऱ्या रंगाचा बारीक फटकारा मारी. पिवळ्यातून नारिंगीत व तांबड्यात रंग उतरवत नेला की सोन्याचा भास होई. प्रकाश डावीकडून वरून पडतो, हा त्याचा संकेत होता. फोटोशॉपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी अक्षराच्या छायाप्रकाशासाठी ठरवून दिलेला प्रकाशाचा कोनही डावीकडून वरचाच होता. पाटी रंगवणाऱ्यांचा जगभरचा जुना संकेत यंत्रात जाऊन बसला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच काळात ‘रेडियम’ हा शब्द मराठीत रूढ झाला. काळोखात उजळणाऱ्या घड्याळाच्या काट्यांना पूर्वी खरोखर रेडियमयुक्त रंग लावीत. वाहनांवर कापून चिकटवले जाणारे कागद मात्र केवळ समोरून आलेला उजेड परत फेकतात. त्यांत रेडियम नसते, तरी नाव टिकले. चमकणारे अक्षर म्हणजे रेडियम, ही लोकभाषेतील व्युत्पत्ती तेजाच्या आकर्षणाचीच साक्ष देते.

संगणकीय थर : तेज कसे निर्माण होते

थॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी रचलेली फोटोशॉप ही आज्ञावली फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक थर, आले. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत थरांना सावली, आतील व बाहेरील झळाळी आणि उठाव देणाऱ्या तयार सोयी आल्या. २००० च्या सहाव्या आवृत्तीत कडेची रेघ व रंगांची उतरण यांची भर पडली. २००२ च्या सातव्या आवृत्तीतील नव्या ब्रशांमुळे कणांचा आकार, अंतर व विखुरणे आपोआप बदलते ठेवता येऊ लागले. चमकी उधळण्याचे काम त्यामुळे एका फटकाऱ्यावर आले.

प्रत्यक्ष कृती अशी असते. प्रथम गडद पार्श्वभूमी घेतात, कारण काळोखाशिवाय उजेडाचा भास होत नाही. त्यावर नाव लिहून त्याला फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रंगांची उतरण देतात. उठावाची सोय वापरून अक्षर धातूसारखे करतात. नंतर अक्षराच्या थराची प्रत काढून ती धूसर करतात आणि ‘स्क्रीन’ या मिश्रणपद्धतीने मूळ थराशी जोडतात. या पद्धतीत दोन थरांचा उजेड असा मिसळतो की परिणाम कोणत्याही थरापेक्षा काळवंडत नाही. त्यामुळे अक्षरातून प्रकाश बाहेर झिरपत असल्याचा भास होतो. शेवटी वेगळ्या थरावर चांदणीच्या आकाराचा ब्रश फिरवून शिरोरेषेच्या टोकांवर व वळणांवर चमक ठेवतात. पेंटरने अनेक वर्षांत हस्तगत केलेली गोष्ट अशा रीतीने काही मिनिटांत होऊ लागली. एकदा जमलेला परिणाम साठवून पुढच्या नावाला तसाच चढवता येऊ लागला.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. संगणकाच्या पडद्यावर उजेड खरा असतो, कारण पडदा स्वतः प्रकाश देतो. फ्लेक्सवर उजेड खोटा असतो. तेथे शाई पांढऱ्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश अडवते आणि न छापलेल्या पांढऱ्यापेक्षा अधिक उजळ असे काहीच दाखवता येत नाही. म्हणून पडद्यावर झळाळणारे नाव छापून आल्यावर किंचित मलूल दिसते. ते भरून काढण्यासाठी पार्श्वभूमी आणखी गडद आणि झळाळी आणखी भडक केली जाते. फलकांचा जो भडकपणा अभिरुचीचा दोष मानला जातो, त्यामागे माध्यमाची ही मर्यादाही आहे.

पडद्यावरच राहणाऱ्या चमकीचा इतिहास थोडा वेगळा आहे. १९९९ पासून फोटोशॉपसोबत मिळणाऱ्या इमेजरेडी या जोडआज्ञावलीने अनेक चित्रे क्रमाने दाखवून अक्षर लुकलुकते ठेवणे सोपे केले. २००४ मध्ये सुरू होऊन २०१४ मध्ये बंद झालेल्या ऑर्कुटवर अशा लुकलुकत्या शुभेच्छांची भारतात लाट आली. आज तेच काम भ्रमणध्वनीवरील तयार साच्यांतून होते.

देवनागरीची अडचण

हे तंत्र रोमन अक्षरांसाठी घडले होते. रोमन अक्षरे सुटी सुटी उभी असतात, देवनागरी अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात. जोडाक्षरे, रफार, मात्रा व वेलांट्या यांनी तिचा पसारा वर, खाली आणि मागेपुढे पसरतो. फलकांवर सर्वाधिक आढळणारा ‘हार्दिक’ हा शब्द घ्यावा. त्यात रफार पुढच्या अक्षरावर चढतो आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येऊनही लेखनात आधी येते. देवनागरीचे हे नियम न जाणणाऱ्या आज्ञावलीत युनिकोड मजकूर टाकला की रफाराच्या जागी पाय मोडलेला ‘र’ दिसे आणि वेलांटी ‘द’च्या मागे जाऊन बसे. ‘शुभेच्छा’मधील ‘च्छा’ची अशीच मोडतोड होई.

यावर उपाय पुण्यातूनच आले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी आज्ञावली तयार केल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी डीटीपीच्या दुकानांत सर्वतोमुखी झाली. या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. संगणक त्यांना रोमन मजकूर समजे आणि डोळ्यांना मात्र मराठी दिसे. ही युक्ती अत्यंत उपयुक्त ठरली, पण तिने दोन प्रश्न निर्माण केले. पहिला सौंदर्याचा. तुकड्यांच्या सांध्यांवर कधी बारीक भेग दिसे, तर कोरलड्रॉमध्ये अक्षरांची रूपरेषा एकत्र केली की जेथे तुकडे एकमेकांवर चढत तेथे पांढरे भोक पडे. उठाव व झळाळी दिली की हे दोष अधिकच उघडे पडत. कारागीर सांधे वेल्ड करून ते झाकी. अक्षरांतील अंतर वाढवले की शिरोरेषाच तुटे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर, तो नोंदीचा. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी रचलेला मंगल हा फॉन्ट विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचला. तरीही फलकांचा व्यवसाय दीर्घकाळ जुन्याच फॉन्टांवर चालला, कारण आकर्षक वळणे तेथेच अधिक होती. परिणामी त्या काळातील हजारो मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. मूळ फॉन्ट नसेल तर ती फाइल उघडूनही केवळ अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात. अक्षराला तेज मिळाले, पण त्याची ओळख पुसट झाली.

शिरूर-दौंडमधील अर्थ

२००० नंतरच्या दशकात मोठ्या आकाराची शाईफवारा छपाई स्वस्त झाली आणि फ्लेक्स तालुक्यापर्यंत पोहोचला. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंड तालुक्यात कुरकुंभची वसाहत, ऊसशेती व साखर कारखानदारी यांमुळे रोख पैसा खेळू लागला होता. रांजणगावच्या गणपतीसारखे यात्रास्थान, चौफुल्याची कलाकेंद्रे, गावोगावच्या यात्रा व बैलगाडा शर्यती यांनी फलकांना सतत निमित्त पुरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील बंदीनंतर बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि बैलांची नावेही पुन्हा सोनेरी अक्षरांत आली.

या फलकांवरील नावांची यादी हा समाजशास्त्रीय दस्तऐवज होय. तेथे आमदार असतो, तसाच गावातील तरुण मंडळाचा पंधरावा सदस्यही असतो. पूर्वी लग्नपत्रिका आणि मतदारयादी यांपलीकडे ज्याचे नाव छापले गेले नसते, त्या तरुणाचे नाव आज राजपत्रासारख्या सोनेरी अक्षरात चौकात झळकते. जरअफशान कागदाने जे एका दरबाराला दिले, ते फ्लेक्स अल्प खर्चात कोणालाही देतो. या फलकांना केवळ हसणारी टीका ही बाब विसरते. अर्थात या समतेला मर्यादा आहेत. नेत्याचा चेहरा मोठा आणि कार्यकर्त्यांचे चेहरे तळाशी टिकलीएवढे, ही उतरंड चमकीनेही पुसलेली नाही. स्त्रियांची नावे व छायाचित्रेही तुलनेने थोडीच दिसतात. ज्या तालुक्यात एकेकाळी स्त्रियांनी ग्रंथ जुळवला, तेथे ही उणीव विशेष जाणवते.

किंमतही विसरता येत नाही. पेंटरचे काम घटले. काहींनी संगणक शिकून घेतला, अनेकांना ते शक्य झाले नाही. दर गावाचे वेगळे असणारे अक्षराचे वळण तयार साच्यांत विरघळले. फ्लेक्सचे प्लास्टिक कुजत नाही. फलक उतरल्यावर तेच कापड कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्याच्या छपरावर जाते. सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबाबत स्थानिक संस्थांना कठोर निर्देश दिले. तथापि कायदा फलकाच्या जागेचा विचार करतो. नाव झळकावे ही भूक तो शमवू शकत नाही.

निष्कर्ष

१. अक्षराला तेज देण्याची इच्छा संगणकाने निर्माण केलेली नाही. सोन्याची भुकटी, हिंगूळ, रोगण, टिकल्या व पेंटरचा पांढरा फटकारा अशी तिची अखंड परंपरा आहे.

२. संगणकीय थराने हे तेज मोजक्यांच्या मक्तेदारीतून सोडवले. शिरूर व दौंडच्या फलकांकडे पाहताना अभिरुचीइतकाच प्रतिष्ठेच्या वाटपाचाही विचार व्हावयास हवा.

३. रोमन अक्षरांसाठी घडलेल्या तंत्रात देवनागरीला तडजोड करावी लागली. ती सौंदर्यापुरती राहिली नाही, नोंदीच्या टिकाऊपणापर्यंत पोहोचली.

४. स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून हे फलक अत्यंत असुरक्षित आहेत. जुन्नरी कागदावरील दोनशे वर्षांपूर्वीची मोडी नोंद आज पुराभिलेखागारात वाचता येते, परंतु वीस वर्षांपूर्वीच्या वाढदिवसाचा फलक वाचता येत नाही. कापड गोठ्यावर गेले आणि फाइल जुन्या फॉन्टसह हरवली.

म्हणून तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी उरलेल्या रंगवलेल्या पाट्यांची छायाचित्रे, जुन्या फाइलींच्या प्रती आणि पेंटर व डीटीपी कारागिरांच्या मौखिक आठवणी वेळीच जमा कराव्यात. हे काम खर्चिक नाही, पण त्याला मुदत आहे. भिंतीवरील रंग दर पावसाळ्यात उडतो आहे आणि तो रंगवणारे हात आता थकले आहेत.